समुद्री स्पंजातून नवीन रसायन शोधायचंय? बेळगावातनं सुरुवात कशी करायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं एमएस्सी केमिस्ट्री करणारी पोरं प्रोजेक्टला बहुतेक वेळा घाटातलं एखादं झाड घेतात, पश्चिम घाट दारातच आहे म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण चोर्ला घाट उतरून गेलं की काही तासांत समुद्र लागतो आणि तिकडं कारवारही आहे, हे कुणी धरतच नाही. खडकाला चिकटलेला स्पंज बघून बरेचजण शेवाळ समजून पुढं जातात. मला मनापासून वाटतं की आपल्या भागातल्या पोरांनी या कामात यावं, म्हणून अगदी नवख्या माणसाला समजेल असं सगळं लिहितेय.

आधी स्पंजच का ते बघा. स्पंज हा प्राणी आहे, पण त्याला पाय नाहीत, दात नाहीत, स्नायू-नसा नाहीत, आयुष्यभर एका जागी बसून अंगातनं पाणी गाळत राहतो आणि त्यातलं बारीक खाणं खातो. पळता येत नसल्यामुळं मासे, गोगलगायी, वर चढून बसणारे जीव, जंतू या सगळ्यांशी तो रसायनांनीच लढतो, आणि बऱ्याच स्पंजांच्या अंगात बॅक्टेरियाची अख्खी वस्ती असते, काही रसायनं खरं म्हणजे तेच बनवतात. आजवर स्पंजाच्या ९,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञानं फ्लोरिडाकडच्या एका स्पंजातनं वेगळ्या साखरेचे न्यूक्लिओसाइड (डीएनए ज्यापासनं बनतो तसले तुकडे) काढले, त्यांच्याच धर्तीवर पुढं सायटाराबिन तयार झालं आणि १९६९ ला अमेरिकेत रक्ताच्या कॅन्सरवर मान्य झालं, आजही वापरतात. दुसरं उदाहरण जपानचं, हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई नावाच्या स्पंजातलं हॅलिकॉन्ड्रिन बी, १९८६ ला प्रसिद्ध झालं, त्याचा छोटा केलेला भाऊ म्हणजे एरिब्युलिन, २०१० पासून स्तनाच्या कॅन्सरवर आहे. या हॅलिकॉन्ड्रिनसाठी ६०० किलो स्पंज लागला आणि हाती आलं १२.५ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पायरी १ : कागद आणि माणसं

समुद्रावर जायच्या आधी गाईड पक्का करा आणि परवानगीचं विचारून घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ ला त्यात दुरुस्ती झाली, आणि त्याचं राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईत बसतं. सँपल देशाबाहेर पाठवायचं असेल, परदेशी लोकांबरोबर काम असेल किंवा पेटंट करायचं असेल तर त्यांचा संबंध येतो. राज्याचं जैवविविधता मंडळ वेगळं, म्हणजे कारवारला गोळा केलं तर कर्नाटकाचं, गोव्यात केलं तर गोव्याचं. शिवाय चुनखडीच्या काट्यांचे म्हणजे कॅल्केरियस स्पंज २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातले गेले, आणि २०२२ च्या दुरुस्तीत या याद्या नव्यानं मांडल्यात, त्यामुळं जायच्या आधी चालू यादी वनखात्याकडनं बघून घ्या. कारवारकडचे अर्ज कन्नडमध्ये असले आणि तुम्हाला सराव नसला तर वर्गातल्या कन्नड मित्राला बरोबर बसवा, पत्र एकदाच आणि बरोबर जातं.

माणसं कुठं मिळतील? कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथं स्पंजाच्या रसायनांवर बरंच काम झालंय. त्यांचे जुने पेपर वाचून मग नीट मुद्द्याचा ईमेल करा. नुसतं ‘सर मला इंटर्नशिप हवी’ असं लिहिलं तर उत्तराची वाट बघत बसाल, पण ‘तुमच्या या पेपरातला हा स्पंज आमच्या बाजूला कुठं मिळेल’ असं विचारलं की समोरचा थांबून वाचतो.

पायरी २ : गोळा करणं

पावसाळ्याचे महिने सोडून द्या, समुद्र खवळलेला असतो आणि पाणी गढूळ. ऑक्टोबरपासनं मेपर्यंत ठीक. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हाची ओहोटी लई आत जाते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, टाइड टेबल म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता, त्यात पाणी सगळ्यात खाली कधी जातं ते बघून त्या वेळेच्या तासभर आधी पोचा. एकटं जायचं नाही, पाणी परत फिरलं की आधी निघायचं. डायव्हिंग येत नसेल तर शिकेपर्यंत तो विषय काढू नका, ओहोटीच्या खडकावर आणि मच्छीमारांच्या जाळ्यात सुरुवातीपुरतं भरपूर मिळतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून आलेला स्पंज कोळी लोक फेकूनच देतात, त्यांच्याशी चार शब्द बोलला, कोकणी येत नसली तरी आपली मराठी त्यांना कळते, तर ठेवून देतील. फक्त जाळं कुठं आणि किती खोल पाण्यात टाकलं होतं ते तिथंच विचारून घ्या, नाहीतर त्या सँपलचा अर्धा उपयोग गेला.

आता मेन गोष्ट. स्पंज कापायच्या आधी जागेवरच फोटो, बाजूला पट्टी ठेवून. मग रंग लिहा, बाहेरचा आणि आतला. दाबल्यावर मऊ की कडक, चिकट पाणी सुटतं का, वास कसा, वरची भोकं केवढी, सगळं लिहा, कारण अल्कोहोलमध्ये टाकला की रंग जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळेच स्पंज एकसारखे मळकट दिसतात. काही पिवळे स्पंज तर हवा लागल्यावर बघता बघता जांभळट-काळे पडतात, अॅप्लिसिना आणि त्याच्या नात्यातले. हे दिसलं तर वेळेसकट लिहून ठेवा, कारण त्या गटात ब्रोमिन असलेली, टायरोसिन या अमिनो आम्लापासनं बनलेली रसायनं सापडतात आणि तुम्हाला केमिस्ट्रीचा पहिला इशारा तिथं खडकावरच मिळालेला असतो.

किती घ्यायचा? मूठभर. पूर्ण स्पंज उपटायचा नाही, बुंधा ठेवून तुकडा कापायचा म्हणजे तो परत वाढतो. ते ६०० किलो आठवा, तसं कुणी आता करू नये आणि करायची गरजही नाही, आजची मशीनं थोडक्यात बोलतात. हातात ग्लोव्ह्ज पाहिजेतच, काही स्पंजांचे काचेचे बारीक काटे कातडीत घुसतात आणि काहींनी अंगावर पुरळ उठतं.

तुकड्याचे दोन भाग करा. छोटा भाग अल्कोहोलमध्ये ओळख पटवण्यासाठी, हा व्हाउचर, याला रसायनासाठी कधीच हात लावायचा नाही. मोठा भाग पिशवीत घालून बर्फात. थर्माकोलचा माशाचा बॉक्स आणि बर्फ कारवारच्या बंदरावर मिळतो, बेळगावपर्यंत आरामात टिकतो, पोचल्यावर सरळ उणे २० च्या फ्रीझरमध्ये. लेबल पेन्सिलीनं जाड कागदावर लिहून पिशवीच्या आत टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. एकच नंबर फोटोला, व्हाउचरला, फ्रीझरच्या पिशवीला आणि वहीला. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हा नंबर आहे, आणि हा घोळ झाला तर करोडोंचं मशीनसुद्धा काही करू शकत नाही.

पायरी ३ : हा स्पंज कोण?

हे बेळगावातल्या कुठल्याही कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये होतं, साधा मायक्रोस्कोप पुरतो. व्हाउचरमधनं वरची साल आणि आतला गर असे दोन बारीक तुकडे घ्या, वेगवेगळ्या टेस्ट ट्यूबमध्ये, वर घरातलं ब्लीच ओता. मांस विरघळून जातं, फेस येतो, आणि तळाला पांढरी धूळ बसते. ही धूळ म्हणजे स्पिक्यूल, स्पंजाचा सांगाडा. वरचं पाणी हळू काढायचं, नवीन पाणी घालायचं, बसू द्यायचं, परत काढायचं, असं चार-पाच वेळा, घाई केली तर बारीक स्पिक्यूल पाण्याबरोबर जातात आणि तुमची ओळख चुकते. शेवटी अल्कोहोल, एक थेंब स्लाइडवर, वाळू द्या आणि बघा. दोन्ही टोकं अणकुचीदार असलेली सुई म्हणजे ऑक्सिया, एकच टोक अणकुचीदार तर स्टाइल, आणि एका टोकाला टाचणीसारखं डोकं असेल तर टायलोस्टाइल. २५-३० सुयांची लांबी मोजून लिहा. धूळ नीट धुऊन झाल्यावर थेंबभर पातळ आम्ल टाकलं आणि बुडबुडे आले तर चुनखडीचे, नाही आले तर सिलिकाचे. इथं एक जपायचं, ब्लीच शिल्लक असताना आम्ल कधीच टाकायचं नाही, क्लोरीन गॅस सुटतो. आणि काहीच स्पिक्यूल दिसले नाहीत तर घाबरू नका, डायसिडिया, अॅप्लिसिना असल्यांचा सांगाडा नुसत्या धाग्यांचा असतो, तीही ओळखीची खूणच.

मोफत सराव हवा असेल तर किनाऱ्यावर बारीक भोकं पडलेले कालवांचे जाड शिंपले उचला. बरीचशी भोकं क्लायोना नावाच्या स्पंजानं पोखरलेली असतात, आत काही उरलं असेल तर त्याचे टायलोस्टाइल सुंदर दिसतात. जातीपर्यंत पक्कं नाव मात्र स्पंजाच्या तज्ज्ञाकडनंच घ्या, आपण वंशापर्यंत पोचलो तरी खूप झालं. नावं बदलतात हेही लक्षात ठेवा, जुन्या पेपरातला सॅमाप्लिसिला आता स्यूडोसेराटिना झालाय, तर वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर जुनी-नवी दोन्ही नावं काढून दोन्हींनी शोधा.

पायरी ४ : अर्क

फ्रीझ ड्रायर असेल तर वाळवून, नसेल तर गोठलेलाच बारीक कापून मेथॅनॉलमध्ये भिजवा, मग मेथॅनॉल आणि डायक्लोरोमिथेन समभाग, दोन-तीनदा. गाळा, रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटर, सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) कमी तापमानाला आटवा, ४० अंशांच्या वर नेऊ नका. फ्यूम हूडशिवाय हे करायचं नाही.

मेथॅनॉलबद्दल एक सावधगिरी इथंच सांगते. हे नुसतं विरघळवत नाही, कधी कधी स्पंजाच्या रसायनाशी जोडलं जातं, आम्लाचा मिथाइल एस्टर बनतो, कीटोनचा कीटाल बनतो. अॅप्लिसिनाच्या गटात असे मिथॉक्सीवाले पदार्थ मिळालेत आणि ते स्पंजाचे की बाटलीतले यावर बरीच चर्चा झालीय. म्हणून रचनेत मिथॉक्सी दिसला की थोडं सँपल इथेनॉलमध्ये काढून बघायचं. तिथं इथॉक्सी आला तर तो गट तुमच्या सॉल्व्हंटनं लावलाय.

पायरी ५ : वाटणी आणि टेस्ट

अर्क पाणी मिसळलेल्या मेथॅनॉलमध्ये घ्या आणि सेपरेटिंग फनेलमध्ये आधी हेक्सेननं, मग डायक्लोरोमिथेननं धुवा, नंतर मेथॅनॉल उडवून उरलेल्या पाण्याला ब्युटॅनॉल. चरबी हेक्सेनमध्ये, समुद्राचं मीठ पाण्यात, आणि मजेदार माल बहुतेक मधल्या दोन थरांत. प्रत्येकाची टीएलसी करा, म्हणजे सिलिकाच्या पातळ प्लेटवर ठिपके वेगळे करून बघा, यूव्ही दिव्याखाली २५४ आणि ३६६ नॅनोमीटरला, मग अॅनिसाल्डिहाइड फवारून तापवा, अल्कलॉइड म्हणजे नायट्रोजनवाल्या रसायनांसाठी ड्रॅगनडॉर्फचा फवारा.

टीएलसी आणि कॉलमचा (सिलिका भरलेल्या नळीतनं पदार्थ वेगळे करायचा) हात बसलेला नसेल तर स्पंजावर शिकू नका, हळदीवर शिका. रविवार पेठेतनं हळद आणा, अर्क काढा, क्लोरोफॉर्मात थोडं मेथॅनॉल घालून प्लेट चालवा, कर्क्युमिन आणि त्याचे दोन भाऊ असे तीन पिवळे ठिपके उघड्या डोळ्यांना दिसतात. ते तीन सिलिकाच्या कॉलमवर वेगळे काढता येईपर्यंत सराव करा. हळद किलोनं मिळते, तुमचा स्पंज परत मिळेल याची खात्री नाही.

जैविक टेस्टमध्ये स्वस्तातली म्हणजे आर्टेमियाची, हा कोळंबीच्या नात्यातला बारीक जीव, अंडी खाऱ्या पाण्यात टाकली की दीड-दोन दिवसांत पिल्लं, त्यावर अर्क, २४ तासांनी मेलेली मोजायची. विषारीपणाचा अंदाज येतो, त्यापलीकडं काही नाही, तेवढ्यावरनं कॅन्सरचं औषध सापडलं असं लिहू नका. बॅक्टेरियावरची डिस्क टेस्ट मायक्रोबायोलॉजीवाल्यांबरोबर करा. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, त्यांचं काम मुख्यतः वनस्पतींचं आणि पारंपरिक औषधांचं, पण अर्क हाताळायच्या पद्धती शिकायला जवळची जागा.

पायरी ६ : जुनं आहे का ते बघा

बहुतेक पोरं ही पायरी शेवटी करतात आणि वर्ष घालवतात. स्पंजात मिळणारी बरीच रसायनं आधीच कुणीतरी लिहून ठेवलीत, म्हणून शुद्ध करायच्या आधी, अर्क कच्चा असतानाच बघायचं. एलसी-एमएस करून घ्या, म्हणजे अर्कातले रेणू वेगळे करून प्रत्येकाचं वस्तुमान मोजणं, हाय रिझोल्यूशन मिळालं तर उत्तम, त्यावरनं रेणुसूत्र काढा. मग तीन गोष्टी एकत्र ठेवा, वस्तुमान, यूव्ही (रेणू कुठला प्रकाश शोषतो ते) आणि स्पंजाचा वंश. मरिनलिट हा समुद्री रसायनांचा जुना डेटाबेस आहे, पैसे लागतात, विद्यापीठाकडं असेल तर विचारा. कोकोनट, पबकेम फुकट आहेत. जीएनपीएस या वेबसाइटवर एमएस-एमएसच्या (रेणू तोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजलेल्या) फाइल टाकल्या की एकसारखे रेणू एका जाळ्यात गोळा होऊन दिसतात, ओळखीच्या रेणूशेजारी एखादा अनोळखी ठिपका लटकलेला असेल तर तोच धरायचा, मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

ब्रोमिन तर मास स्पेक्ट्रमवर लपतच नाही. ७९ आणि ८१ असे त्याचे दोन आयसोटोप जवळपास सारख्या प्रमाणात असतात, म्हणून दोन युनिटच्या अंतरानं सारख्या उंचीची जोडी उभी राहते. दोन ब्रोमिन असले तर तीन रेघा, १:२:१. गोव्याच्या संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमच्या सॅमाप्लिसिला पर्प्युरियातनं (वर नाव बदललं म्हटलं तोच वंश) काढलेले नवीन ब्रोमोटायरोसिन अल्कलॉइड २००४ ला प्रसिद्ध झालेत. असा पॅटर्न मिळाला तर आधी त्या पेपरातल्या रेणूंशी ताडून बघा.

पायरी ७ : शुद्ध करणं

यात लिहिण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त. सिलिका, सेफाडेक्स एलएच-२०, शेवटी सी-१८ च्या कॉलमवर एचपीएलसी, म्हणजे पंपाच्या जोरावर चालणारा बारीक कॉलम. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर वजन करा. वजनाचा हिशेब जुळला नाही तर माल कॉलमला चिकटलाय किंवा तुटलाय.

पायरी ८ : रचना

रेणूतले अणू कसे जोडलेत ते एनएमआर मशीन दाखवतं, ते आपल्याकडं कुठं? धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफची (बाहेरच्यांनाही मशीनं वापरू देणारी सरकारी सोय) केंद्रं आहेत, दोन्ही बेळगावातनं सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखी. आय-स्टेम पोर्टलवर कुठलं मशीन कुठं आहे ते दिसतं. काही मिलिग्रॅम माल असेल तर प्रोटॉन, कार्बन, कोझी, एचएसक्यूसी, एचएमबीसी असा पूर्ण सेट एकाच खेपेला सांगा.

नवख्याला हे सगळं बघून गरगरतं, तर असं समजा की गावात नवीन माणूस आलाय आणि तुम्ही त्याचं घर शोधताय. एचएसक्यूसी सांगतं कुठला हायड्रोजन कुठल्या कार्बनच्या घरात राहतो, कोझी सांगतं शेजारी कोण, आणि एचएमबीसी दोन-तीन घरं पलीकडचे पाव्हणे दाखवतं, त्यामुळं मध्ये हायड्रोजन नसलेलं रिकामं घर असलं तरी गल्ली जोडता येते. आधी सूत्रावरनं किती रिंगा आणि दुहेरी बंध आहेत ते मोजा, मग छोटे तुकडे काढा, मग तुकडे जोडा. सलग चित्र काढायला जाऊ नका.

प्रोटॉनच्या आलेखात तीन पाहुणे नेहमी भेटतात (पुढचे आकडे पीपीएममधले), त्यांची ओळख आधीच करून ठेवा. ०.६८ ला मिथाइल, ३.५२ ला रुंद गठ्ठा आणि ५.३५ ला एक दुहेरी बंधाचा हायड्रोजन दिसला तर कोलेस्टेरॉलच्या नात्यातलं स्टेरॉल, स्पंजात भरपूर असतं. १.२६ आणि ०.८८ ला ढिगारा असला तर ग्रीस किंवा चरबी. आणि ७.७१, ७.५३, ४.२२ ला सुबक सिग्नल, शिवाय मासमध्ये १४९ आणि ३९१, तर तो थॅलेट, म्हणजे प्लास्टिकच्या नळीतनं किंवा सॉल्व्हंटच्या कॅनमधनं आलेला. थॅलेटला लोकांनी नैसर्गिक पदार्थ म्हणून छापलंय. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर एक रिकामी चाचणी ठेवा, स्पंज न घालता तेच सॉल्व्हंट, तीच भांडी, तेवढंच आटवणं. तिच्यात जे दिसतं ते तुमच्या स्पंजाचं नाही.

सपाट रचना जुळली तरी काम संपत नाही, कुठला गट वर आणि कुठला खाली ते नोझी या एनएमआरवरनं, आणि रेणू त्याच्या आरशातल्या जोडीपैकी कुठला, म्हणजे डावा-उजवा हात, ते मोशर एस्टर, ईसीडी अशा चाचण्यांवरनं किंवा क्रिस्टल मिळाला तर एक्स-रेवरनं. प्रसिद्ध झालेल्या रचना नंतर दुरुस्त कराव्या लागल्याची उदाहरणं या विषयात भरपूर आहेत, मोठमोठ्या लॅबच्यासुद्धा, तेव्हा जेवढं सिद्ध झालंय तेवढंच लिहा. हात ठरला नसेल तर नागमोडी रेघ काढून सोडा, त्यात कमीपणा नाही.

आणि रेणू ओळखीचाच निघाला तर? तो आपल्या किनाऱ्यावरच्या या स्पंजात पहिल्यांदा मिळाला असेल तर तेही छापण्यासारखं आहे, एमएस्सीच्या प्रोजेक्टला तर भरपूर झालं. नवीन निघाला तर पेपर पाठवायच्या आधी व्हाउचर एखाद्या मान्य संग्रहालयात जमा करून त्याचा नंबर घ्या, एनएमआरच्या कच्च्या फाइल सांभाळून ठेवा, नुसते पीडीएफ पुरत नाहीत, आणि पेटंटचा विचार असेल तर चेन्नईच्या प्राधिकरणाचं आधी बघा, कारण पेपर छापून झाल्यावर ती वाट बरीच अवघड होते.

या उन्हाळ्यात समुद्र जमणार नसेल तर थांबून राहू नका, हळदीच्या तीन ठिपक्यांचा कॉलम आणि झूलॉजीच्या लॅबमध्ये क्लायोनाची स्लाइड, एवढं ऑक्टोबरच्या आत हाताखालनं घाला, आणि पाऊस थांबला की पहिल्या पौर्णिमेची ओहोटी टाइड टेबलमध्ये बघून ठेवा.